तेरड्याचा वाटा

दादा, वाटणीत तू मला फसवलंस. मोठ्या भावाने धाकट्याला फसवलं, बापाने लावलेल्या संत्र्याच्या बागेत, पाच पंचांसमोर, आणि वरून गावाने तुला देवमाणूस म्हटलं.

काल तुझी तेरवी झाली. मांडवात बसलेला प्रत्येक जण तुझं चांगलं बोलून गेला. बुंदी खाता खाता बोलले, हात धुता धुता बोलले. मी एक शब्द काढला नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. सात-आठ वर्षं तोंडाशी धरून ठेवलं होतं, आणि तू मध्येच उठून गेलास. म्हणून आज लिहायला बसलो आहे. मला लिहायची सवय नाही. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

मी कसा माणूस आहे हे तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू बागेत राहिलास आणि मी सायकलच्या कॅरिअरला दोन डाले बांधून वर्ध्याच्या बाजारात गेलो. पुढे उभ्या बागांचे बहार घ्यायला लागलो. फळ झाडावर असतानाच सौदा करायचा. झाडाखाली उभं राहून वर बघायचं, मग मालकाच्या तोंडाकडे बघायचं. तो म्हणेल त्याच्या अर्ध्याने सुरू करायचं. ओरडायचं, उठून चालायला लागायचं, मागून हाक आली की वळायचं. केळझरपासून कारंज्यापर्यंत लोक मला ओळखतात आणि शिव्याही देतात. मला कोणी काही फुकट दिलं नाही, मी कोणाला दिलं नाही. एवढं एक मी छाती ठोकून सांगत आलो.

आणि तुझ्याशी सौदाच करता येत नव्हता. वाटणीनंतर पहिल्या वर्षी तुझ्या वाट्याचा बहार मागायला आलो. सवयीने अर्धा भाव बोललो. तू मोटेवरच्या चिमण्या बघत होतास.

"बरं," म्हणालास.

"बरं काय? असं नाई म्हणाचं, दादा! म्हण, परवडत नाई. म्हण, चालता हो."

"तू म्हणून राह्यला त बरोबरच असन."

"अरे, मी लुटून राह्यलो तुले!"

"तुले समजते. मले काय समजते त्यातलं?"

मी खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर आपटला आणि माझाच भाव मी दोनदा वाढवला. उभ्या आयुष्यात स्वतःविरुद्ध घासाघीस केली ती तेवढी एकदा. तू दोन्ही वेळा "बरं" म्हणालास. वहिनी चहा घेऊन आल्या आणि तुम्ही दोघं हसायला लागलात.

तर वाटणी. आपल्याकडची रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही, केली तर त्याच्याच गळ्यात येते. रीत चांगली आहे. तूच तिच्यात भोक पाडलंस.

पंच बसायच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटा बाग फिरून आलो. परक्याची बाग बघतो तशी बघितली. पाटाच्या या बाजूला, विहिरीकडे, जमीन आरशासारखी. गवताची काडी नाही, प्रत्येक झाडाभोवती गोल आळं कोरलेलं. पाटाच्या त्या बाजूला, नाल्याकडे, झाडाखाली अंधारात गुडघाभर तेरडा. गुलाबी, पांढरा, जांभळा. कोणी लावलेला नाही, कोणी ओळीत धरलेला नाही, जिथे सावली आणि ओल तिथे घुसलेला. इतका दाट, की झाडाचं खोड दिसेना. मी पायाने चार रोपटी चिरडून बघितली. खाली काळी, थंड माती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझा धंद्याचा नियम होता: माणूस खोड लपवतो, गुण लपवत नाही. मला दिसलं ते एवढंच, की नाल्याकडच्या भागाला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे तो भाग कोणाला नको आहे.

दुसऱ्या दिवशी पंचांनी तंबाखू मळायला घेतली होती, तोच मी बोट दाखवलं. "मले इहिरीकडचा."

पंच तुझ्याकडे बघायला लागले. विहीर माझ्या वाट्यात जात होती, तुला पाण्याची पाळी मागावी लागणार होती.

"बरं," म्हणालास.

घरी येताना मी मनात म्हटलं, दादा भोळा आहे. मी जिंकलो. तीन वर्षं मी जिंकल्यासारखा वागलो.

आपली भांडणं त्यानंतर सुरू झाली आणि ती सगळी तेरड्यावरून. बांधावर उभा राहून मी ओरडायचो.

"हा कचरा काऊन ठेवून राह्यला?"

"कचरा कोठी आहे? तेरडा आहे."

"कोणं पेरला?"

"कोणंच नाई. थो आपला आपला येते."

"आपलं आपलं येते त्यालेच कचरा म्हणते!"

"मंग तुयी तरी कोणं वाट पाह्यली होती, किसना? मी बारा वर्षांचा झालतो. माय म्हने, आता काई होत नाई. अन् तू आलाच ना?"

माझा सालदार गडी खो खो हसायचा. मी त्याच्याही अंगावर धावून जायचो.

मी माझ्या झाडांना ताण द्यायचो. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, वखराने जमीन फाडायची, मुळ्या उघड्या पाडायच्या. पानं सुकून गळायला लागली, झाड मरायला टेकलं, की पाणी सोडायचं. जिवाच्या भीतीने झाड फुलांनी लगडतं. हे सगळेच करतात, तूही करायचास, पण वर्षातून एकदा, आणि हात राखून. मी दोन्ही बहार धरायला लागलो. हिवाळ्यात एकदा उपाशी मारायचो, उन्हाळ्यात परत. मला तसंच मोठं केलं होतं जगाने. मला वाटायचं, फूल असंच येतं, मानेवर पाय दिल्यावर.

तू एकदाच म्हणालास, "झाडाले दम घेऊ दे, लेका. तुया पाठीमागं कोण लागलं आहे?"

मी म्हणालो, "तू तुया कचरा सांभाळ."

चौथ्या वर्षी माझ्या झाडांचे शेंडे वाळायला लागले. खोडातून डिंक गळायला लागला. तुझी झाडं पाटाच्या पलीकडे काळी-हिरवी उभी होती. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या भादव्यात माझ्यासोबत भागीत बागा घेणारा नागपूरचा व्यापारी आला. माझ्या बागेतून चालत चालत पाटापर्यंत गेला, पलीकडे बोट केलं आणि म्हणाला, "किसनभाऊ, ये तो सूख गई. वो बाजूवाली किसकी है? उसकी बात करो ना."

तो बसस्टॉपवर पोचायच्या आत मी फावडं घेतलं.

त्या दुपारचं तुला आठवत असेल ते असेल, मला सगळं आठवतं. मी पाट ओलांडला आणि पहिल्या झाडाखालचा तेरडा कापला. मग दुसऱ्या. कापत, उपटत, लाथा घालत गेलो. तेरड्याच्या शेंगा पिकलेल्या होत्या. प्रत्येक घावाला त्या फुटत होत्या. चट् चट् आवाज, बी तोंडावर उडत होतं, डोळ्यात, बंडीच्या आत. देठांचं पाणी पायांवर सांडत होतं. माझे हात गुलाबी झाले होते आणि मी ओरडत होतो, "यानंच मले फसवलं! याच्यानंच झाकली तू जमीन!" किती झाडांखाली गेलो सांगता येत नाही. तू आलास आणि नुसता मागे मागे चालत राहिलास. अडवलं नाहीस. त्याने मी आणखी पेटलो.

"बोल! मुद्दाम ठेवला होता का नाई? मले कचरा दिसावा म्हणून? बोल!"

तू म्हणालास, "हो. मुद्दाम ठेवला होता."

एवढंच. पुढे काही सांगितलं नाहीस. मग मी फावडं झाडावर उगारलं. बाबांनी लावलेलं कोपऱ्यातलं झाड. तू खोडासमोर हात घातलास.

गावात मी कधी कोणाला सांगितलं नाही, आज सांगतो. इतकी वर्षं मी स्वतःला म्हणत आलो, की घाव झाडावर होता, हात मध्ये आला. खोटं आहे. हात आलेला मला दिसला होता. फावडं थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. पात्याची पाठ लागली म्हणून हाड मोडण्यावर निभावलं, धार लागली असती तर हात तेरड्यात पडला असता.

मग माझ्याच दुपट्ट्याने तुझा हात गळ्यात बांधून आपण सेवाग्रामला जायला एसटीत बसलो. शेजारी शेजारी, एका बाकावर. तुझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि माझ्या केसांत तेरड्याचं बी होतं. कंडक्टरने विचारलं, "काय झालं, काका?"

"झाडावरून पडलो."

"कायच्या झाडावरून?"

"संत्र्याच्या."

पूर्ण बस हसली. एक बाई म्हणाली, "अवो, संत्र्याच्या झाडावरून कोण पडते? उभं राह्यलं त हाताले लागते." दवाखान्यातल्या डॉक्टरने तेच विचारलं, माझ्याकडे बघत. माझ्या धोतरावर हिरवे डाग होते. तू परत तेच म्हणालास. खोटं बोलायचंच होतं तर आंब्याचं झाड म्हणायचं, दादा. तेवढंही तुला जमत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटत होतं, हा आता सांगेल, पोलीस येतील, मला फरफटत नेतील, आणि मी सगळ्यांसमोर ओरडून सांगेन, की आधी यानं फसवलं. मी तयार होतो. तू मला ते ओरडूच दिलं नाहीस.

पाण्याच्या पाळीसाठी तू प्लास्टर मुदतीआधी कापून काढलंस. हात वाकडा जुळला. पाटावर फावडं धरायचास तेव्हा कोपर बाहेर जायचं. मी माझ्या बाजूने ते रोज बघायचो. बोलणं बंद होतं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या स्वच्छ जमिनीत तेरडा उगवला. तुझ्या बांधापासून माझ्या खोपीपर्यंत, मी ज्या वाटेने त्या दिवशी परत आलो होतो, बरोबर त्या वाटेने, पावला-पावलाला. मी सालदाराला पाठवलं. "दादाले सांग, रात्रीचं बी फेकणं बंद कर म्हणा."

सालदार हसत परत आला. "मोठे मालक म्हणते, बी तूच नेलं. धोतर झाडून पाह्य म्हणते."

मी उपटून फेकला. पुढच्या वर्षी दुप्पट आला. तू परत निरोप धाडलास, "काढाचा असन त फुलाच्या आधी काढ. भादव्यात काढशीन त पेरशीन." मी म्हटलं, ही दादाची दुसरी चाल. ज्याने एकदा फसवलं त्याचा सल्ला मी घ्यायचा? तो म्हणतो आधी काढ, म्हणजे आधी काढण्यातच माझं नुकसान असणार. आणि मी दर वर्षी मुद्दाम भादव्यापर्यंत थांबायचो. शेंगा टंच फुगलेल्या असताना विळा घेऊन उतरायचो आणि शिव्या देत एकेक रोप फाडायचो. सात वर्षं. आता माझी निम्मी बाग तेरड्याने भरली आहे. नांगर धरून पेरलं असतं तरी इतका दाट आला नसता.

आणि एक गोष्ट मी तुला कधी कबूल केली नाही. जिथे तेरडा दाट झाला तिथली माझी झाडं मेली नाहीत. उघड्या जमिनीतली मेली.

या वर्षी तुला ताप आला. वहिनींनी पहिल्या दिवशी निरोप पाठवला. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पाठवला. मी म्हटलं, त्याने बोलवलं आहे का? निरोप आणणारा म्हणाला, नाही. तर नाही गेलो. मागून हाक येईपर्यंत वळायचं नाही, ही माझी जुनी सवय. सहाव्या दिवशी रडणं ऐकू आलं तेव्हा आलो. तू निजलेला होतास आणि वाकडा हात छातीवर सरळ बसत नव्हता. दोघं जण तो दाबून धरत होते. मी त्यांना ढकलून दिलं.

वहिनींनी नाल्याकडून ओंजळभर तेरडा आणून तुझ्या छातीवर ठेवला. मी तो मुठीत धरून भिरकावला. शेंगा माझ्या हातात फुटल्या, बी तुझ्या पांढऱ्या कापडावर सांडलं.

"काऊन फेकता जी, भाऊजी?"

"कचरा आहे."

त्या म्हणाल्या, "असू द्या. त्यायले आवडे." बी कोणी झटकलं नाही. तसंच तुझ्यासोबत जळालं.

काल तेरवीची माणसं गेल्यावर वहिनी पत्रावळी गोळा करत होत्या. मी खांबाला टेकून बसलो होतो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, वाटणीच्या आधी पंधरा दिवस यायनं एकट्यानं इहिरीकडचा भाग निंदला. मी म्हटलं, सालदार लावा. त म्हने, नको, थो गावात सांगन. दोन्ही हाताले फोड आले होते."

"काऊन?"

"म्हने, किसनाले साफ दिसलं का थो तिकडंच बोट दाखवते. म्हने, इहीर त्यालेच पायजे, त्याले धीर नाई. मी पाळीवर भागवीन. अन् नाल्याकडचा तेरडा बी म्हणूनच राहू देला. नाई त काढणार होते. मी बी म्हटलं, महालक्ष्म्याले होते फुलं, राहू द्या."

मी म्हणालो, "वहिनी, खोटं बोलू नका."

"मी काऊन खोटं बोलू? मले आता तुमच्यापासून काय पायजे?"

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी पत्रावळी खाली ठेवल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगतलं असतं त तुम्ही घेतला असता का जी थो वाटा?"

मी उठून चालायला लागलो. मागून हाक आली नाही.

आज सकाळी नाल्याकडे गेलो. तुझ्या झाडांखाली सावलीत तेरडा उभा आहे, कोणी सांगितलं नसताना, कोणी पाणी घातलं नसताना. मी हातात विळा नेला होता. एका शेंगेला बोट लावलं. ती फुटली, साल आत वळली आणि बी माझ्या मनगटावर आदळलं. एवढीशी शेंग, पण बसतो तिचा मार. मी तिथेच मातीत बसलो आणि तुझ्या नावाने जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

म्हणून परत सांगतो, तू मला फसवलंस. वहिनींचं खरं मानलं तर जास्तच फसवलंस. पंचांसमोर बोट माझं होतं, पण ते कुठे जाईल हे तू पंधरा दिवस आधी जमिनीवर बसून ठरवून ठेवलं होतंस. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी जिंकलो असं समजत होतो, आणि तो सौदाच नव्हता. तू मला दिलं होतंस. मी कोणाचं फुकट घेतलं नाही असं बाजारात ओरडून सांगत होतो तेव्हा तू बांधावर गप्प उभा होतास. हे कोणी भावाशी करतं?

आणि तो हात. त्या हाताचं उत्तर कोण देणार? बसमध्ये मला कोणी विचारलं नाही. दवाखान्यात तू कोणाला मला विचारू दिलं नाहीस. पंच बसले नाहीत, पोलीस आले नाहीत. पंधरा दिवस माझ्यासाठी निंदणारा हात मी मोडला, आणि आज केळझरमध्ये एकही माणूस नाही जो माझी गचांडी धरून विचारेल, किसना, काऊन मोडला? वहिनीसुद्धा विचारत नाहीत. त्यांना माहीत आहे, मला दिसतं ते त्यांच्या डोळ्यात, तरी त्या मला जेवायला वाढतात.

ते मी चालू देणार नाही. तू मुद्दाम मला वाईट वाटा दिला असशील तर तसं सांग, मग हात मोडला तो बरोबर मोडला, मी घरी जाऊन झोपतो. दिला नसशील तर वर जिथे असशील तिथे पंच बसव, मला बोलाव, बाबांना बोलाव, आणि सगळ्यांसमोर सांग की झाडावरून पडलो नव्हतो. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा "मुद्दाम ठेवला होता" एवढंच म्हणून गप्प का बसलास? पुढचं वाक्य का गिळलंस? पुढचं एक वाक्य बोलला असतास तर मी फावडं खाली टाकलं असतं. किंवा नसतंही टाकलं. पण ते मला कळलं असतं.

उत्तर दे, दादा. मी नाल्याकडच्या कोपऱ्यातल्या झाडाखाली येऊन बसतो आहे, विळा घरी ठेवून. आणि या वेळी तू नुसतं "बरं" म्हणून सुटायचं नाही.